एकशे ऐंशीवा दिवस

माझी पुतणी विमानात नोकरीला आहे. परवा फोनवर अगदी रडकुंडीला आली होती. म्हणाली, "काका, पुन्हा थोड्या महिन्यांचंच काँट्रॅक्ट दिलं! ते संपलं की काही दिवस घरी बसवतात आणि पुन्हा नव्यानं घेतात. वर रोज स्टँडबाय. केस बांधून, लिपस्टिक लावून फोनकडं बघत बसायचं. कुणी आजारी पडलं तरच आपण उडणार!"

मी म्हणालो, "एवढंच ना? आम्ही हेच करायचो की! फरक इतकाच, की आमचं विमान बोरीच्या अलीकडच्या खड्ड्यात उडायचं."

पोरगी हसली आणि मी सुटलो. रोजंदारीच्या नोकरीची एक गंमत असते. काम रोज मिळत नाही, पण किस्सा रोज मिळतो. कायम नोकरीतला माणूस ड्युटीवर जातो, घरी येतो, जेवून झोपतो. त्याच्याकडं सांगायला काय असणार? आम्ही दिवस दिवस झाडाखाली बसून असायचो. बघायला वेळच वेळ! मग एकाला एक किस्सा चिकटत जातो आणि शेवटी बायको म्हणते, आता फोन ठेवा.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीची ती वर्षं. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या डेपोत आम्ही तिघं रोजंदारी कंडक्टर होतो. मी सुदाम, दुसरा उत्तम आणि तिसरा चाँदपाशा. सकाळी सहाला डेपोच्या लिंबाखाली येऊन बसायचं. कायम कंडक्टर कुणी आला नाही, तर त्याच्या लाल गाडीवर आमच्यातला एक जायचा. बाकीचे दोघं डबा खाऊन घरी. नियम असा, की सलग एकशे ऐंशी दिवस ड्युटी भरली की माणूस कायम. मध्ये आपल्या मर्जीनं एक दिवस जरी चुकला, की खंड पडला. पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात!

* * *

त्यामुळं कायम कंडक्टरांच्या तब्येतीची जेवढी काळजी आम्ही केली, तेवढी त्यांच्या आईनंही केली नसेल.

कुणी गेटातून आत आला, की आम्ही तिघं उभे. "राम राम! तब्येत कशी हाय? डोळे लाल दिसायलेत. अंग दुखायलंय का?" तो बिचारा म्हणायचा, "न्हाई बा, ठणठणीत हाय." आमचे चेहरे पडायचे! एकदा एकानं नुसती शिंक दिली, तर उत्तमनं तिकिटाची पेटी काखेत मारली होती.

चाँदपाशा त्यातल्या त्यात भाविक. त्यानं दर्ग्यात जाऊन मन्नत मागितली, की या अल्ला, कुणाला तरी दोन दिवसाचा किरकोळ ताप येऊ दे. आणि बोरी फेरीच्या कंडक्टरला टायफॉईड झाला! चांगला आडवा पडला. ड्युटी चाँदपाशाला मिळाली, पण त्याची झोप उडाली. ड्युटी संपली की हा रोज त्या माणसाच्या घरी. मोसंबी सोलून दे, पेज भरव, पाय चेप. डॉक्टर म्हणाले होते महिना लागेल, तो माणूस सतराव्या दिवशी उठून बसला. म्हणजे ड्युटीही गेली.

पहिल्या दिवशी कामावर आल्यावर त्यानं सगळ्यांसमोर चाँदपाशाला मिठी मारली. "चाँद, तुझ्यामुळं बरा झालो रे!"

चाँदपाशा मान खाली घालून म्हणाला, "अल्ला कसम, आजारी पडले बी माझ्यामुळंच होते!"

* * *

आमचे दिवस मोजायचं काम हजेरीबाबूंकडं होतं. जाड भिंगाचा चष्मा, काळी शाई आणि भलं मोठं मस्टर. माणूस वाईट नव्हता. पण वरून तोंडी हुकूम असायचा, की रोजंदारीवाला एकशे ऐंशीच्या जवळ आला की त्याला आठवडाभर घरी बसवा आणि खंड दाखवा. त्याला आम्ही ब्रेक म्हणायचो. गाड्यांना लागायचा नाही, आम्हाला बरोबर लागायचा!

हजेरीबाबूंना ही बातमी तोंडावर सांगवत नसे. मग ते त्या माणसाला आत बोलवायचे आणि चहा पाजायचे. कप खाली ठेवला, की ब्रेकचा कागद पुढं. हे इतकं ठरून गेलं होतं, की "अमक्याला चहा पाजला" म्हणजे अमका घरी बसला, असं पार कँटीनपर्यंत सगळ्यांना कळायचं.

एकदा हजेरीबाबूंचा मुलगा मॅट्रिक पास झाला. मोठ्या आनंदानं पेढ्यांचा पुडा आणि चहाची किटली घेऊन ते स्वतः लिंबाकडं निघाले. किटली दिसताच उत्तम बोअरिंगमागं, मी उभ्या गाडीत सीटखाली, आणि चाँदपाशा सरळ भिंतीवरून पलीकडं. हजेरीबाबू आले तर झाडाखाली आमचे तीन डबे!

बराच वेळ ते तिथं किटली घेऊन उभे होते. मग हळूच म्हणाले, "अरे बाबांनो, आज खरंच नुस्ता चहा हाय!"

कुणीही बाहेर आलं नाही.

* * *

गणवेश फक्त कायमवाल्यांना. आम्ही तिघांत मिळून एक जुना खाकी कोट विकत घेतला होता. ज्याची ड्युटी, त्याच्या अंगात कोट. उत्तम ताडमाड, मी मधला आणि चाँदपाशा पाच फुटांना टेकलेला. कोट माझ्या मापाचा. त्यामुळं उत्तमचं मनगट वीतभर बाहेर यायचं आणि चाँदपाशाच्या बाह्यांतून हातच निघायचा नाही. तिकीट कोटातूनच बाहेर आल्यासारखं वाटायचं.

बोरीची एक म्हातारी रोज भाजी घेऊन बाजाराला यायची. तिची नजर अधू झालेली. ती माणूस ओळखायची नाही, कोट ओळखायची. सोमवारी चाँदपाशा होता, मंगळवारी उत्तम. म्हातारीनं तिकीट घेतलं, मान वर करकरून त्याच्याकडं बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, "कालच्याला लय वाढ लागली गं. ह्या सरकारी नोकरीत खायला बरं मिळत असंल!"

* * *

आता माझा स्वतःचा एक. मुलगी बघायला राणीसावरगावला गेलो होतो. सोबत उत्तम. पोहे झाले, मुलगी आवडली, तिलाही मी बरा वाटलो असावा. मग तिच्या वडिलांनी विचारलं, "नोकरी कायम हाय का?"

मी काही बोलायच्या आत उत्तम मोठ्या उत्साहानं म्हणाला, "मामा, एकशे सत्तर दिवस भरलेत! धाच ऱ्हायलेत!"

तिचे वडील सरळ माणूस. हिशेब त्यांना पटला. म्हणाले, "मंग धा दिवसानं या. पक्कं करून टाकू."

दहा दिवसांनी मी गेलो नाही. मधल्या मंगळवारी हजेरीबाबूंनी मला चहा पाजला होता. खूप वाईट वाटलं, आता लपवत नाही. ती मुलगी पुढं एका तलाठ्याला दिली म्हणे. मला चहा मात्र त्यानंतर कित्येक वर्षं गोड लागला नाही.

* * *

आमच्या डेपोतला सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे लिंबाजी आबा. आबा वालूर फेरीचे कायम कंडक्टर. वालूरचेच राहणारे. वीस वर्षं तीच फेरी, तीच गाडी, तीच सीट. माणूस देवासारखा, पण रजा म्हणून घ्यायचा नाही! ताप आला तर गोळी खाऊन यायचा. पोळ्याला यायचा, दिवाळीला यायचा. ड्युट्या लावणाऱ्या कंट्रोलरला तर सवयच झाली होती. वालूर फेरीच्या वेबिलावर, म्हणजे तिकीट-हिशेबाच्या कागदावर, तो डोळे मिटून 'लिंबाजी' लिहायचा.

एक दिवस उत्तम म्हणाला, "आबाला कमल नावाची पोरगी हाय, लग्नाची. पोरीच्या लग्नाला तरी आबा आठ दिवस रजा घेतील का न्हाई?"

झालं! आम्ही तिघं आबांच्या पोरीसाठी स्थळं शोधायला लागलो. तिच्या मामानं शोधली नसतील इतकी! गाडीत कुणी बरा तरुण चढला, की तिकिटासोबत गाव, शिक्षण, शेती सगळं विचारून घ्यायचो. एका पोराला तर चाँदपाशानं जन्मवेळ सांगितल्याशिवाय उतरूच दिलं नाही. पण आबांचा एकच प्रश्न, "नोकरी कायम हाय का?" कुणी रोजगार हमीवर मुकादम, कुणी तात्पुरता मास्तर. आबा सगळ्यांना नाही म्हणायचे.

स्थळं घेऊन आबांच्या घरी जायचं काम उत्तमकडं होतं, कारण तो दिसायला बरा आणि बोलायला गोड. पाचव्या वेळी तो स्थळ सांगत होता. कमलनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत जाता जाता म्हणाली, "आबा, ह्यांना विचारा, हे दुसऱ्यांचीच स्थळं कामून आणायलेत?"

उत्तमनं उचललेला तांब्या तसाच परत खाली ठेवला. आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पण मी रोजंदारीवाल्याला पोरगी देत न्हाई. आज किती दिवस झाले तुझे?"

"एकशे एकोणचाळीस."

"कायम हो. मंग ये."

* * *

लग्नसराईचे दिवस होते. गाड्या जास्त, कंडक्टर कमी. त्यामुळं त्या वर्षी हजेरीबाबूंची किटली थंडच होती. उत्तमला रोज ड्युटी मिळत होती. बुधवारी एकशे ऐंशी भरणार आणि गुरुवारी लग्न, असा आबांनी नेमका हिशेब बसवला. पत्रिका छापल्या. आबांनी वीस वर्षांत पहिल्यांदा आठ दिवसांची रजा लिहून दिली, आणि त्यांच्या वालूर फेरीवर ड्युटी लागली उत्तमची!

आणि लग्नाच्या आदल्या आठवड्यात नामांतरासाठी बंद झाला. दिवसभर एकही गाडी डेपोतून निघाली नाही. बंद आमच्याच लोकांनी पुकारला होता आणि मी स्वतः मोर्चात पुढं होतो. बंदचा दिवस खंडात धरत नसत, पण भरलेल्या दिवसांतही धरत नसत. म्हणजे उत्तमचा एकशे ऐंशीवा दिवस बुधवारचा गुरुवारी गेला. बरोबर लग्नाच्या दिवशी!

मला तोंड दाखवायला लाज वाटत होती. नामांतर मला पाहिजेच होतं, त्यात माघार नव्हती. पण हा माझा मित्र होता. मी त्याला म्हणालो, "उत्तम, माझ्यावर राग हाय का?"

तो म्हणाला, "तुझ्या गावात लोकांनी काय सोसलंय ते मला म्हाईत न्हाई का? तू मोर्चात जायलाच पायजे. फक्त एवढं सांग, पुढचा बंद गुरवारी न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग झालं. मी ड्युटी करीन आन् लग्न बी करीन."

* * *

वालूरची गाडी गावात अकरा वीसला पोचायची आणि अकरा पन्नासला परत निघायची. लग्न वालूरलाच, मंडप स्टँडला लागून. आबांनी भटजींना गाठलं. भटजी म्हणाले, "पत्रिकेत मुहूर्त बारा पस्तीसचा हाय."

आबा म्हणाले, "गाडी अकरा पन्नासला सुटती. मुहूर्त थांबंल, गाडी न्हाई."

भटजींनी पंचांग पुन्हा उघडलं आणि अकरा पस्तीसचा मुहूर्त काढला!

गुरुवारी सकाळी डेपोतून गाडी निघाली. आम्ही सगळं वऱ्हाड आत, प्रत्येकाकडं तिकीट. हळद आदल्या दिवशीच लागलेली, त्यामुळं नवऱ्या मुलाचे हात पिवळेधमक. अंगात आमचा तो तिघांचा खाकी कोट, मनगटं बाहेर, गळ्यात पिशवी. दर तिकिटावर हळदीचा अंगठा. वालूरला उतरल्याबरोबर उत्तमच्या मावशीनं त्याच्या डोक्याला बाशिंग बांधलं. कोट काढायला वेळ नव्हता आणि पैशाची पिशवी कुणाच्या हातात द्यायची नाही हा नियम. तो तसाच अंतरपाटापुढं उभा राहिला. ज्यांना लग्नाचं काही माहीत नव्हतं असे परतीच्या फेरीला बसलेले प्रवासीही खाली उतरले आणि अक्षता टाकून परत आपापल्या जागेवर जाऊन बसले. कुणी जागा धरायला टॉवेल ठेवून आलं होतं!

अकरा अठ्ठेचाळीसला ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मंडपात रडारड सुरू झाली. मावशी ओरडली, "घरच्या देवाला जाईपस्तोर बाशिंग सोडायचं न्हाई!" उत्तम बाशिंगासकट गाडीत चढला, मागून कमल.

आबा दारापाशी आले. डोळे पुसले. मग खिशातून पैसे काढून जावयापुढं धरले आणि म्हणाले, "एक फुल. आजपासनं ही माझ्या पासवर बसत न्हाई."

तोपर्यंत मी हसत होतो. त्या वाक्याला मात्र माझे डोळे भरून आले. उत्तमनं तिकीट फाडून बायकोच्या हातात दिलं. त्याच्यावरही हळदीचा अंगठा होता.

वाटेत एका फाट्यावर चेकरची जीप आडवी! हा चेकर म्हणजे रोजंदारीवाल्यांचा काळ. एक माणूस बिनतिकीट सापडला की नोकरी गेली. तो वर चढला, कंडक्टरकडं बघितलं आणि क्षणभर दांडा धरून उभाच राहिला. मग एकेक तिकीट बघत पुढं आला. "सगळी तिकिटं पिवळी कामून हायेत?" शेवटी नवरीपाशी थांबला. "बाई, तुमचं?"

कमलनं मूठ उघडली. "कंडक्टरची पोरगी हाय मी. आन् कंडक्टरची बायको बी. आमी बिनतिकीट बसत न्हाई!"

चेकरला काहीच सापडेना. पण रिकाम्या हातानं उतरायची त्याला सवय नव्हती. त्यानं वही काढली, उत्तमचं नाव विचारलं, मेमो लिहून त्याच्या हातात ठेवला आणि उतरला.

* * *

पंधरा दिवसांनी उत्तमनं कायम करण्याचा अर्ज दिला. हजेरीबाबूंनी मस्टर उघडलं. गुरुवारच्या चौकोनात लिहिलेलं होतं, 'गैरहजर'.

"लग्नाच्या दिवशी कोण ड्युटीवर येतं?" हजेरीबाबू म्हणाले. "पत्रिका आली त्याच दिवशी लिहून ठेवलं म्या."

वेबिल काढलं. त्यावर कंट्रोलरनं सवयीनं लिहिलं होतं, 'लिंबाजी'!

उत्तम पांढराफटक पडला. म्हणजे खंड. म्हणजे आज पुन्हा पहिला दिवस. आबा भिंतीला टेकून उभे होते. पोरगी शेवटी रोजंदारीवाल्यालाच दिली, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं दिसत होतं. आम्ही सगळे डेपो मॅनेजर साहेबांपुढं गेलो. हजेरीबाबूंनी लग्नाची पत्रिका टेबलावर ठेवली. "साहेब, हा पुरावा. तारीख छापलेली हाय."

चाँदपाशानं उत्तमच्या कानात काहीतरी सांगितलं. उत्तमनं कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि घडी पडलेला एक कागद पत्रिकेशेजारी ठेवला. साहेब मोठ्यानं वाचायला लागले.

"सदर वाहक आज गुरुवार रोजी वालूर फेरीवर कर्तव्यावर असताना, त्याने डोक्यास टोपीऐवजी बाशिंग परिधान केल्याचे आढळून आले. तरी खुलासा करावा."

साहेबांनी तारीख बघितली. पत्रिकेवरची तारीख बघितली. पुन्हा मेमो वाचला. मग चष्मा काढला आणि असे हसायला लागले, की बाहेरून ड्रायव्हर डोकावून गेले. डोळे पुसत म्हणाले, "बाबू, गैरहजर खोडा आणि हजर लिहा. आणि आधी ह्या पोराला चहा सांगा!"

उत्तमनं दोन्ही हात जोडले.

"साहेब, दुसरं काय बी करा," तो म्हणाला, "पण चहा नका पाजू!"